फोर्ट पायी फिरताना बूट चावतात? आधी दुखतंय कुठे ते बघा

तक्रार दर वेळी सारखीच असते. सकाळी सीएसएमटीला उतरून दक्षिण मुंबईतल्या फोर्टात फिरायला सुरुवात होते, फोटो छान येतात, आणि काळा घोड्याला पोहोचेपर्यंत कोणीतरी कट्ट्यावर बसून एक बूट काढलेला असतो. पुढच्या खेपेला मग दोनच पर्याय उरल्यासारखे वाटतात. एक तर जिममधले निऑन पट्ट्यांचे रनिंग शूज कुर्त्याखाली चढवायचे आणि फोटोत पाय लपवायचे, नाहीतर छान दिसणारं काहीतरी घालून पर्समध्ये चिकटपट्ट्या भरून न्यायच्या.

पुण्याहून, नागपूरहून, परदेशातून आलेल्या आपल्या माणसांना फोर्ट दाखवायचं काम घरात माझ्याकडे असतं, त्यामुळे ही तक्रार मी बऱ्याच पायांवर पाहिली आहे. माझं मत असं झालंय की बूट दिसायला कसा आहे याचा चावण्याशी फार थोडा संबंध असतो. त्रास होतो तो मापामुळे, बांधणीमुळे आणि तळव्यामुळे. मऊ गादीचे महागडे स्नीकर्स चावताना पाहिलेत आणि साधे चामडी लोफर दिवसभर गुमान चालताना पाहिलेत. म्हणून ‘आरामदायी पण स्टायलिश’ काय मिळतं हे शोधण्याआधी पायाला नेमकं कुठे लागतंय ते बघा. उपाय जागेप्रमाणे बदलतो.

रस्ता कसा आहे

सीएसएमटी ते गेटवे सरळ चाललं तर अंतर अडीच-तीन किलोमीटरचं. पण तसं सरळ कोणी चालत नाही. फ्लोरा फाउंटन, तिथून आत वळून सेंट थॉमस कॅथेड्रल आणि हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या तीस पायऱ्या, मग काळा घोडा, निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, वस्तुसंग्रहालय. त्यात ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत म्हटल्यावर त्या बघायला परत मागे जाणं आलंच. सहा-सात किलोमीटर सहज होतात.

चालण्यापेक्षा जास्त त्रास देतं ते उभं राहणं. चालताना पोटऱ्या आकुंचन पावून रक्त वर ढकलत राहतात. संग्रहालयात प्रत्येक मूर्तीपुढे दोन मिनिटं, प्रत्येक इमारतीखाली मान वर करून पाच मिनिटं असं थबकत गेलं की ते काम थंडावतं, पाय जड होतात, सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी घट्ट होतो तो यामुळे. त्यात मुंबईची दमट हवा. घामाने मऊ पडलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते.

पायाखाली काय असतं तेही धरा. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक, त्यातले काही हलणारे. जुन्या इमारतींच्या झिजलेल्या दगडी पायऱ्या. आत गेलं की गुळगुळीत फरशी. आणि पावसाळ्यात एखाद्या सुट्या ब्लॉकवर पाय पडला की खालचं पाणी थेट पोटरीपर्यंत उडतं. हे ज्याने अनुभवलं नाही तो मुंबईत फिरलेलाच नाही.

टाचेच्या मागे सोलवटतंय

सगळ्यात जास्त तक्रारी याच. कारण बहुतेक वेळा एकच असतं: बूट टाचेला धरून ठेवत नाही. प्रत्येक पावलाला टाच किंचित वर सरकते आणि खाली येते. वरची कातडी मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड पुढे-मागे होतं, आणि मधल्या थरांवर ताण येऊन ते एकमेकांपासून सुटतात. तिथे पाणी भरतं. तो फोड.

‘पायाला मोकळं वाटावं’ म्हणून एक नंबर मोठा घेतलेल्या बुटात हे हमखास होतं. लेस असलेला बूट असेल तर नवीन घ्यायच्या आधी लेस वेगळी बांधून बघा. बऱ्याच स्नीकर्सना घोट्याजवळ, रांगेपासून जरा मागे, एक जादा भोक असतं. ते शोभेचं नाही. लेसचं टोक बाहेरून त्या भोकात घालायचं, पण पूर्ण ओढून न घेता त्याच बाजूला एक छोटा फास ठेवायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग उजवं टोक डाव्या फासातून, डावं उजव्या फासातून ओवून आधी खाली आणि मागे ओढायचं, नंतर नेहमीची गाठ. टाच मागच्या भागात घट्ट बसते आणि चवड्याकडची लेस सैल ठेवता येते. धावणारे लोक हे कायम करतात. बाकीच्यांना ते भोक कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

लोफर, बॅलरिना, मोजडी यांना लेस नाही, म्हणजे पाय धरून ठेवायचं सगळं काम मापाचं. त्यामुळे चामडी लोफर दुकानात किंचित घट्टच वाटायला हवा. चामडं वापराने रुंदीला थोडं सैलावतं. पण लांबीला बूट वाढत नाही, त्यामुळे अंगठा पुढे टेकत असेल तर ‘घालून घालून होईल मोठा’ हे दुकानदाराचं आश्वासन सोडून द्या. कृत्रिम चामडं तर रुंदीलाही फारसं ताणत नाही. जुना लोफर सैल झाला असेल तर टाचेच्या आत चिकटवायच्या मऊ पट्ट्या मिळतात, त्या लावा. त्याने भागत नसेल तर तो बूट ऑफिसपुरता ठेवा.

आणखी एक स्वस्त उपाय: दर वेळी जिथे लागतं तिथे घरून निघतानाच मेडिकलमध्ये मिळणारी कागदी टेप लावायची. कोरड्या पायावर, सुरकुती न पडता, कडा गोल कापून. लाल झाल्यावर लावायची घाई सगळेच करतात, पण तिचा खरा उपयोग आधी लावण्यात आहे.

मोजेही बघा. जाड सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. लांब चालायला सिंथेटिक किंवा लोकरीच्या मिश्रणाचे पातळ मोजे बरे. लोफरखाली घालायचे ते न दिसणारे मोजे टाचेवरून सुटून बुटात गोळा होतात. ज्यांच्या टाचेला आतून सिलिकॉनची पट्टी असते तेच घ्या.

करंगळीला लागतं, चवडा आवळतो

इथे बूट अरुंद आहे. पाच मिनिटांत खात्री करता येते. बुटातली आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पाय दोन्ही बाजूंना गादीबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही आवडला तरी. गादी निघत नसेल तर कागदावर पायाची बाह्यरेषा काढा आणि बुटाचा तळ त्यावर ठेवा.

आपल्याकडे हा प्रश्न खूप जणांना का येतो याला आधार आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली. भारतीय पाऊल युरोपी-अमेरिकी पावलापेक्षा साधारण रुंद असतं, असं त्यातून पुढे आलं, आणि भारतीयांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. आपल्या दुकानांत चालतात ती मापं मुख्यतः ब्रिटिश. मग रुंदी मिळावी म्हणून आपण लांबी वाढवतो, चवडा सुटतो आणि टाच निसटू लागते. म्हणजे टाचेमागचा फोड बऱ्याचदा चवड्याला अरुंद असलेल्या बुटामुळे आलेला असतो.

त्यामुळे नंबर वाढवण्याआधी त्याच नंबरात रुंद साचा मिळतो का विचारा. काही कंपन्या रुंद, जादा रुंद असे वेगळे साचे ठेवतात, फक्त विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. टोकाशी निमुळता बूट टाळून बदामी किंवा गोल टोकाचा बघा. लेसच्या बुटात बोटांजवळची पहिली दोन भोकं मोकळी सोडून तिसऱ्यापासून लेस सुरू केली तरी चवड्याला बरीच जागा मिळते. चामडी बूट नाक्यावरचे दुरुस्तीवाले काका साच्यावर चढवून एक-दोन दिवसांत थोडा रुंद करून देतात. पण हे चामड्यापुरतंच, रेक्झिन ताणलं तर फाटतं.

पायऱ्या उतरताना अंगठ्याच्या नखाला लागत असेल किंवा नख काळंनिळं पडत असेल तर पाय बुटात पुढे घसरतोय. लांबी कमी आहे किंवा लेस ढिली आहे. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असतो असंही नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. नखं आदल्या दिवशी कापा, बस.

तळवे जळतात, टाच ठणकते

इथे लोकांची सगळ्यात जास्त दिशाभूल होते, ‘मेमरी फोम’ या शब्दाने. दुकानात पाय घातला की ढगात गेल्यासारखं वाटतं. तासाभराने तो फोम दाबून चपटा होतो आणि खालचा पेव्हर ब्लॉक ओळखू यायला लागतो. शिवाय फार मऊ तळव्यात पाऊल डगमगतं. ते सावरायला घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू दिवसभर काम करत राहतात, आणि संध्याकाळी पायांचे तुकडे पडतात.

दुसऱ्या टोकाला पातळ तळवे: बॅलरिना, कापडी एस्पाड्रिल, मोजडी, सपाट चप्पल. दगडावरचा प्रत्येक आघात थेट टाचेत. तासाभराच्या समारंभाला ठीक, दिवसभराच्या फिरण्याला नाही.

मधला बूट ओळखायचा कसा? टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरा आणि वाकवा. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पाय जिथे वाकतो तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर कमानीला आधार नाही. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. थोडा विरोध हवा. शेवटी अंगठ्याने टाचेखाली दाबा. दबायला हवा, पण लगेच परत यायला हवा. ही परीक्षा ऑक्सफर्डसारख्या लेसच्या फॉर्मल बुटावरही करता येते आणि सॅंडलवरही. दिसायला शहाण्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच डर्बी (तेही लेसचे फॉर्मल) बुटांना आता रबरी तळ आणि आत चांगली गादी असते, आणि ते यात पास होतात.

तळवा पातळ पण बाकी बूट आवडता असेल तर आत वेगळी गादी घालता येते. मात्र गादीमुळे आतली उंची कमी होऊन टाच वर येते, म्हणून आधीची गादी काढून तिच्या जागी नवीन घाला. एकावर एक नको.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाच कळवळते आणि मग कमी होते, असं रोज होत असेल तर तो बहुधा तळव्याच्या पडद्याचा, प्लांटार फॅसायटिसचा त्रास. नुसते बूट बदलून तो जात नाही. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.

पाय घसरतो, तळवा सुटतो

घसरण्याचा संबंध नक्षीपेक्षा रबराशी जास्त. तळव्यात नख रुतवून बघा. थोडं रुतलं तर रबर मऊ आहे, ओल्या फरशीवर धरेल. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर पावसाळ्यात स्टेशनच्या पुलावर ते तुमचा भरवसा राखणार नाही. चामडी तळव्याचे बूट सुंदर दिसतात आणि ओल्या कडप्प्यावर बर्फावर असल्यासारखे चालतात. त्यांना दुरुस्तीवाल्याकडून पातळ रबरी पत्रा लावून घ्या. वरून काही दिसत नाही.

तळवा सुटण्याची गोष्ट मात्र विचित्र आहे. ‘लग्नात एकदाच घातलेले होते, कपाटात नीट ठेवले होते, आणि हॉर्निमन सर्कलला सोल गळून पडला.’ हे नेहमी ऐकू येतं, आणि लोकांना वाटतं कंपनीने फसवलं. हे बूट न वापरल्यामुळे गेलेले असतात. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या बाष्पामुळे हळूहळू विघटित होतो. बाहेरून ठणठणीत दिसतो आणि पहिल्याच लांब चालण्यात चिवड्यासारखा भुगा होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, त्यातही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटांचं हे लवकर होतं. म्हणून जुने बूट बाहेर काढाल तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढा. तळवा वाकवा, कडेला भेगा दिसतात का बघा, नखाने खरवडल्यावर चिकट किंवा भुसभुशीत लागतं का बघा. लागत असेल तर चिकटवून उपयोग नाही, कारण डिंकाखालचा पदार्थच गेलेला आहे. नुसता डिंक सुटला असेल आणि तळवा घट्ट असेल तर दुरुस्तीवाले चिकटवून कडेने शिलाई मारून देतात, आणि ती शिलाई वर्षानुवर्षं टिकते.

भिजलेले बूट उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. चामडं कडक होतं, डिंक सैल होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, बोळे दोनदा बदला.

देवळं आली की

फोर्टात बूट काढायची वेळ फारशी येत नाही, पण मुंबादेवी आणि भुलेश्वरकडे वळलात की येते. पुण्यात तर विचारूच नका: कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ, सगळं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर, आणि प्रत्येक ठिकाणी चपला बाहेर. इथे लेसच्या बुटांचं मी वर कितीही कौतुक केलेलं असलं तरी ते घालून जाऊ नका. साध्या लेसच्या जागी ताणणारी इलॅस्टिकची लेस बसवली तर स्नीकर तसाच राहतो आणि गाठ न सोडता निघतो. मागे पट्टा असलेली सॅंडल त्याहून बरी. पट्टा हवाच, नाहीतर बोटांनी चप्पल धरून चालावं लागतं आणि संध्याकाळी बोटांत गोळे येतात. बूट ठेवायला कापडी पिशवी जवळ असली की चोरीची धाकधूक नाही.

दिसायचं काय?

आता मुद्द्याचं. लांब चालण्याचा बूट वाईट दिसतो तो त्याच्या रंगांमुळे आणि फुगीर तळव्यामुळे. मापाशी किंवा गादीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा वरचा भाग एकाच रंगाचा, तळवा त्याच रंगाचा किंवा मळकट पांढरा, आणि कंपनीचं चिन्ह लहान, एवढं बघितलं तरी तोच बूट कुर्त्याखाली, चिनोजखाली, मिडी ड्रेसखाली चालून जातो. शुभ्र पांढरा टाळा. मुंबईत तो दुपारपर्यंतच पांढरा असतो. टॅन, राखाडी, गडद हिरवा, तपकिरी हे रंग धूळ आणि चिखल दोन्ही पोटात घालतात.

पुरुषांना पर्याय सोपे आहेत आणि तरी बरेचजण ट्रॅक पॅंटवरचेच बूट शर्ट-पॅंटवर घालतात, का कोण जाणे. रबरी तळव्याची तपकिरी डर्बी किंवा साधा चामडी स्नीकर, एवढं पुरे. दिवसा फोर्ट, संध्याकाळी कुठेतरी जेवायला, बूट बदलायला नको.

साडी असेल तर एक गोष्ट आधी करा: जे घालून चालणार ते पायात घालून मगच निऱ्या खोचा. उंच सॅंडलवर नेसलेली साडी स्नीकरवर आल्यावर जमिनीला लोळते आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत पदर नाही तरी काठ अडकतोच. सपाट बुटावर नेसलेल्या सुती साडीखाली एकरंगी स्नीकर आता कोणाला खटकत नाही. खटकत असेल तर बंद टोकाची, मागे पट्ट्याची, दोन-तीन सेंटीमीटर उंच, रुंद टाचेची सॅंडल घ्या. तेवढी टाच त्रास देत नाही. जसजशी टाच वाढते तसतसं वजन चवड्यावर सरकतं. बारीक टाच तर फटीत आणि गटाराच्या जाळीत रुतण्यासाठीच बनवली असावी. जाड प्लॅटफॉर्म वेजही नको. हलत्या ब्लॉकवर तो कलला की घोटा मुरगळतो, कारण पायाला जमीन जाणवतच नाही.

आणि कोल्हापुरी

हा प्रश्न येणारच, आणि २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला आणल्यावर तर जास्तच येतो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. कुर्ता, साडी, लिनन पॅंट, कशावरही तिच्याइतकी देखणी दुसरी चप्पल नाही, यावर वाद घालणार नाही.

पण नवी कोरी कोल्हापुरी घालून फोर्टात उतरू नका. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेलं ते जाड चामडं सुरुवातीला टणक असतं आणि अंगठ्याच्या पट्ट्याखाली, पावलाच्या वरच्या बाजूला, कातडी काढतं. जुनी पद्धत अशी की पट्ट्यांना आणि अंगठा अडकवायच्या कडीला आतून तेल लावून रात्रभर ठेवायचं, पुसायचं, आणि पंधरा-वीस दिवस रोज थोडा वेळ घरात घालायची. ती पायाचा आकार घेते. मग वर्षानुवर्षं दुसरी चप्पल घालवत नाही. तरी तिचा तळवा चामडी, सपाट आणि गादीविना आहे हे बदलत नाही. सवय असलेला माणूस दिवसभर हिंडेल, तीन तासांच्या वर स्नीकरशिवाय न चाललेला माणूस टाच धरून बसेल. रबरी पत्रा लावून घेतली तर झीज आणि घसरणं दोन्ही कमी होतं. पावसात तिला बाहेरच काढू नका.

आणि फुटपाथवर तीनशे रुपयांना मिळते ती बहुधा रेक्झिनची असते. ती पायाचा आकार घेत नाही, नुसती चावते. लोक मग कोल्हापुरीलाच नावं ठेवतात.

विकत घेताना

संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. जे मोजे घालणार तेच घालून. दोन्ही पायांत घालून बघा, कारण दोन्ही पाऊल सारखे क्वचितच असतात, आणि माप मोठ्या पायाचं घ्या. मॉलमधल्या दुकानात गालिचा असेल तर त्याच्याबाहेर फरशीवर दोन फेऱ्या मारा, एक पायरी चढून-उतरून बघा. विक्रेत्याने डोळे फिरवले तर फिरवू द्या.

ऑनलाइन घेत असाल तर नंबरावर विसंबू नका. ब्रिटिश ८ आणि अमेरिकन ८ एक नव्हेत, आणि एकाच मापात दोन कंपन्यांचे साचेही वेगळे निघतात. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. बऱ्याच स्पोर्ट्स बुटांच्या जिभेखालच्या लेबलवर सेंटीमीटरमधला आकडाही असतो. तुमचा सध्याचा जो जोड चांगला बसतो त्याच्याशी ताडून बघा. परत करायची सोय असेल तरच मागवा, आणि ठरेपर्यंत घरातच घाला.

रोमच्या काळ्या दगडी चिऱ्यांवर किंवा लिस्बनच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पांढऱ्या फुटपाथवर फिरायला निघालेल्यांना हेच सगळं लागू, फक्त तळवा किंचित जाड आणि रबर नक्की मऊ हवं. आणि विमानतळावर नवे बूट पहिल्यांदा घालून जाऊ नका. आधी बाजारात, मग एखाद्या रविवारी दोन तासांच्या फेरीला, मगच प्रवासाला.

तरीही फोड आलाच तर

लाल आणि गरम वाटू लागलं की लगेच थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करा आणि टेप किंवा हायड्रोकोलॉइडची (फोडातलं पाणी शोषणारी) पट्टी लावा. गटाने फिरताना ‘पुढच्या चौकात बघू’ म्हणायचा मोह होतो, आणि त्या चौकापर्यंत फोड फुगतो. आलेला लहान फोड फोडू नका. त्याच्यावरची कातडी हीच त्याची उत्तम पट्टी आहे. फुटलाच तर कातडी ओढून काढू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी लावा. हायड्रोकोलॉइडची पट्टी फुगून पांढरी दिसायला लागते, ते बिघडणं नाही, ती तशीच काम करते. सुटेपर्यंत ओढू नका.

मधुमेह असलेल्यांनी यातलं घरगुती काही करू नये. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर बूट चावतोय हेच कळत नाही, म्हणून दर तासाला बूट काढून डोळ्यांनी बघा, बुटात खडा गेलाय का हात घालून बघा, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका, मोजे ठेवा. लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उरलेला फोर्ट टॅक्सीच्या खिडकीतून बघितला तरी चालतो, आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारती तर तशाही रस्त्याच्या पलीकडूनच नीट दिसतात.